नीबोर्ड आणि मोठी लाट: जाताना कोणती फळी न्यायची?

उत्रोलीत बसून समुद्राच्या लाटांवर बोलायचं म्हणजे काहींना गंमत वाटेल. पण भोरहून वरंध घाट उतरलं की महाड, आणि पुढे हरिहरेश्वर-श्रीवर्धनचा किनारा. समुद्र वाटतो तेवढा लांब नाही. आपल्यापैकी काही जण हिवाळ्यात कोकणातल्या छोट्या लाटांवर नीबोर्ड चालवतात. आता त्यांना श्रीलंकेतल्या अरुगम बेला जायचंय. प्रश्न एकच आहे: हातात आहे तीच फळी न्यायची का?

आधी नवीन मंडळींसाठी थोडक्यात. नीबोर्ड म्हणजे गुडघ्यांवर बसून चालवायची फळी. फळीवर पालथं पडायचं, पायातल्या फ्लिपरने पाणी मारायचं, लाटेने उचललं की गुडघे पोटाखाली ओढून बसायचं. १९६० च्या दशकात जॉर्ज ग्रीनो या कॅलिफोर्नियाच्या माणसाने गुडघ्यांवर बसून अशी वळणं घेतली की उभं राहून सर्फिंग करणारेही आपल्या फळ्या आखूड करायला लागले. १९६७ मध्ये सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसने केलेली 'फिश' फळीसुद्धा मुळात नीबोर्डच होती. म्हणजे हा कुणाचा धाकटा खेळ नाही.

आता मोठी लाट म्हणजे नक्की काय, ते आकड्यांत बघूया. लाट फुटते तेव्हा खालच्या पाण्याची खोली साधारण लाटेच्या उंचीच्या १.३ पट असते, आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. हिशेब केला तर १ मीटरची लाट ताशी सुमारे १३ किलोमीटरने येते, २ मीटरची सुमारे १८ ने. वेग दुप्पट झाला नाही, पण ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते. उंची दुप्पट, तर ऊर्जा चौपट. फळी निवडताना हे दोन्ही आकडे डोक्यात ठेवायचे.

पहिली गोष्ट लांबी. लाट जास्त वेगाने येते, म्हणून आपल्यालाही आधीपासून जास्त वेग घ्यावा लागतो. आखूड फळीवर उशीर होतो, आणि उशीर झाला की उभ्या कड्यावरून उतरावं लागतं. म्हणून नेहमीच्या फळीपेक्षा ३-४ इंच लांब घ्यावी. नेहमीची ५ फूट ८ इंच असेल, तर ६ फुटांच्या आसपास.

दुसरी गोष्ट शेपूट. छोट्या लाटेत रुंद शेपूट हवंच, कारण कमी ताकदीतही ते फळीला पाण्यावर तरंगतं ठेवतं. मोठ्या लाटेत वेग मिळतोच. तिथे तेच रुंद शेपूट पाण्यावरून उसळतं आणि कड पाण्यात रुतत नाही. म्हणून शेपूट निमुळतं हवं. शेपूट रुंदच ठेवायचं असेल, तर कडेजवळ बसवलेले चार फिन पकड देतात.

तिसरी गोष्ट तळाचा बाक. कोळ्यांच्या होडीचं पुढचं टोक वर उचललेलं असतं, ते उगाच नाही. सपाट फळी संथ पाण्यात पळते, पण उभ्या लाटेवर तिचं नाक पाण्यात घुसतं. मोठ्या लाटेसाठी पुढून जास्त बाक लागतो.

चौथी गोष्ट मजबुती आणि लीश. गुडघ्यांचा भार फळीवर दोनच जागी पडतो, म्हणून वरचा फायबरग्लासचा थर जाड हवा. लीश फळीइतकी लांब आणि नेहमीपेक्षा जाड घ्यावी.

इथे आमचीच चूक सांगतो. पहिल्यांदा मोठ्या लाटांना गेलो तेव्हा आवडती आखूड फळी घेऊन गेलो. हात बसलेली होती ना! लाटा मिळाल्याच नाहीत. जी मिळाली तिच्यात नाक घुसलं, जुनी बारीक लीश तुटली आणि फळी किनाऱ्याकडे गेली. आम्ही मागे पाण्यात. पोहून बाहेर आलो, पण पुढची लाट येईपर्यंतचा तो श्वास अजून आठवतो. मग कळलं की तिथे फळी हा खेळही असतो आणि तरंगायचा आधारही.

अरुगम बेचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना. किनारा पूर्वेचा, म्हणून असं होतं. तिथल्या मेन पॉइंटवर तळाशी खडक आहे, वाळू नाही. म्हणून जागेवर पोचल्यावर लगेच पाण्यात शिरू नका. अर्धा तास किनाऱ्यावर बसून लाटा मोजा, बाहेर यायची वाट कुठे आहे ते बघा, स्थानिकांना विचारा.

आणि नवी फळी तिथेच पहिल्यांदा वापरू नका. निघायच्या आधी कोकणातल्या ओळखीच्या किनाऱ्यावर, हिवाळ्यातल्या शांत दिवशी, चार-पाच वेळा चालवा. लांब फळी छोट्या लाटेत जड वाटेल, वाटू दे. गुडघे कुठे टेकायचे हे अंगवळणी पडलं पाहिजे.

शेवटी एक कसोटी. फळी हातातून गेली, तर फक्त फ्लिपरवर त्या लाटांतून बाहेर याल का? उत्तर 'हो' असेल तरच फळीची निवड करायला बसा. 'नाही' असेल, तर यंदा पोहण्यावर मेहनत घ्या. लाटा पुढच्या वर्षीही येणारच आहेत.