मुलगा भातुकली मांडतो तेव्हा...

जालना - अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीच्या दर्शनासाठी गर्दी लोटते, तेव्हा खेळण्यांची दुकानेही सजतात. मोटारी आणि बंदुका मुलांसाठी, भातुकली, बाहुल्या आणि बांगड्या मुलींसाठी, ही वाटणी कुठल्याही पाटीवर लिहिलेली नसते; ती घरूनच ठरून आलेली असते. म्हणूनच चार-पाच वर्षांचा मुलगा बांगड्यांसाठी हटून बसला, की आई ओशाळते, वडील चिडतात आणि आजूबाजूचे हसतात. घरी परतताना मुलाच्या हातात मोटार असते. बांगड्यांचा विषय मात्र अनेकदा आईवडिलांच्या मनात भीती होऊन राहतो.

लोखंडी सळ्यांचे कारखाने, बियाणे उद्योग आणि मोसंबीच्या बागा यांवर उभ्या असलेल्या या जिल्ह्यात मुलाने 'मर्दासारखे' असावे, ही अपेक्षा लवकर सुरू होते. आईची ओढणी डोक्यावर घेऊन वेणी करणाऱ्या, बाहुलीला झोपवणाऱ्या मुलाकडे पाहून पालकांना तीन प्रश्न पडतात. हा आजार आहे का? आपले काही चुकले का? आणि मारून, रागावून हे थांबवता येईल का? तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे.

खेळ म्हणजे भविष्य नव्हे

दोन-तीन वर्षांच्या वयात आपण मुलगा की मुलगी, हे मूल सांगू लागते. मात्र साडी नेसल्याने मुलाची मुलगी होत नाही, ही समज पक्की व्हायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. तोवर आई, आजी, बाबा, शिक्षिका या साऱ्यांच्या नकला करीत मूल जग समजून घेत असते. पुष्कळ मुलांची ही आवड वयानुसार बदलते, काहींची टिकते. ती टिकलेल्या मुलांपैकी काहींचा कल पुढे समलिंगी असल्याचे दिसते, काही जण स्वतःला स्त्री म्हणून ओळखतात, तर काही इतर कुठल्याही पुरुषासारखे संसार करतात. चौथ्या वर्षीच्या बाहुलीवरून यांपैकी काहीही सांगता येत नाही आणि बाहुली हिसकावून त्यात बदलही घडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये मंजूर झाली आणि 2022 पासून लागू झाली. केवळ वेगळी वागणूक किंवा वेगळी आवड यावरून कोणतेही निदान करू नये, असे तिने स्पष्ट केले आहे. मात्र 'मला बांगड्या आवडतात' आणि 'मी मुलगीच आहे' या दोन वाक्यांत अंतर आहे. दुसरे वाक्य मूल दीर्घकाळ ठामपणे सांगत असेल, स्वतःच्या शरीराविषयी त्याला त्रास होत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तोही मुलाला बदलण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी.

परंपरा काय सांगते?

'आपल्याकडे असले काही नव्हते,' हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. बोरन्हाणाला मुलाच्या अंगावर हलव्याचे दागिने आजही चढतात. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून मुलाचे नाक टोचण्याची, त्याला मुलीचे कपडे घालण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक घरांत होती. शेजारच्या पैठणच्या एकनाथ महाराजांची भारुडे स्त्रीवेष घेऊन सादर करणारे पुरुष गावोगावी मानाने बोलावले जातात. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व (1888-1967) यांनी रंगभूमीवर साकारलेल्या नायिकांच्या वेशभूषेचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. 1964 मध्ये त्यांना 'पद्मभूषण'ने गौरविण्यात आले. याउलट तमाशापटांतील 'नाच्या'च्या भूमिकांनी गाजलेले गणपत पाटील प्रत्यक्षात मुलाबाळांचे गृहस्थ असूनही त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला समाजाची टवाळी सोसावी लागली. म्हणजे वेष एकच. आदर द्यायचा की अवहेलना करायची, हे पाहणाऱ्याने ठरवले.

धोका कुठे आहे?

खरा धोका बांगडीत नाही, 'बायल्या' या शब्दात आहे. वर्गात, मधल्या सुटीत, शाळेच्या वाहनात हा शब्द चिकटला, की मूल एकटे पडते. युनेस्कोने तमिळनाडूत सुमारे 400 समलिंगी व तृतीयपंथी तरुणांशी बोलून केलेली पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. शाळेतील छळ हे शिक्षण सुटण्याचे प्रमुख कारण असल्याचे त्यांतील सुमारे एक तृतीयांश जणांनी सांगितले. घरीही रागावणे असेल, तर असे मूल त्रास झाल्याचे सांगत नाही. लैंगिक अत्याचार झाला तरी गप्प राहते. अत्याचार करणारे हेच मौन हेरतात. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा 2012 चा 'पॉक्सो' कायदा मुलांनाही मुलींइतकेच संरक्षण देतो, हे अनेक पालकांना ठाऊक नसते.

शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. शिक्षकाने वर्गासमोर मुलाच्या चालण्या-बोलण्याची नक्कल करणे हाही छळच ठरतो. 'औषध देऊन सरळ करतो' असे सांगणाऱ्यांपासूनही दूर राहावे. लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे.

पालकांनी काय करावे?

घरात खेळण्यांची वाटणी करू नये. भातुकलीशेजारी चेंडूही असू द्यावा. 'हे मुलींचे' असे म्हणून लाजवू नये. बाहेर कोणी हसण्याची शक्यता असेल, तर मुलाला तसे आधी सांगावे आणि 'तुझे काही चुकलेले नाही' हेही सांगावे. काय घालून बाहेर जायचे, हे त्याच्याशी बोलून ठरवता येते. आजी-आजोबा आणि वर्गशिक्षक यांच्याशी बोलण्याची जबाबदारी मुलावर न टाकता पालकांनी घ्यावी. वडिलांचा वाटा यात मोठा असतो, कारण मुलाला त्यांच्याच नकाराची सर्वाधिक भीती वाटते. मूल शाळा टाळू लागले, जेवेनासे झाले, स्वतःला इजा करू लागले, तर विलंब न करता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. 'टेलिमानस'चा 14416 आणि बालकांसाठीचा 1098 हे मदतीचे क्रमांक विनामूल्य आहेत.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये आईबरोबर भाजी निवडणारे बाबा दिसले, तेव्हा त्याची चर्चा झाली. पण मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नव्हती. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तील पहिल्याच रात्री आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालताना श्यामला लोक हसतील अशी लाज वाटते. बायकांचे काम करतो म्हणून आई त्याला हिणवत नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही, हेच ती त्याला समजावते. बांगड्यांच्या दुकानासमोर बसलेल्या मुलालाही हसणाऱ्यांच्या बाजूने न जाता आपल्या बाजूने उभे राहणारे आईवडील हवे असतात.