धूर जातो, पण हवा येते कोठून?

घरात आगीची सोय करताना मनुष्य धुराचा विचार करतो, हवेचा करीत नाही. धूर डोळ्यांना झोंबतो, भिंती काळ्या करतो. म्हणून त्याला घालवून देण्याची निकड सर्वांना कळते. हवा न मागता मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. धुराड्यांच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ या विसरात आहे, असे आम्हांस वाटते.

हिशेब सोपा आहे. 1 किलो कोरडे लाकूड पुरते जळावयास सुमारे 5 घनमीटर हवा लागते. प्रत्यक्षात चूल याच्या दुप्पटही हवा घेते. 10 फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत अवघी 28 घनमीटर हवा मावते. म्हणजे 3 किलो लाकूड जळेपर्यंत खोलीतील सारी हवा एकदा बदलली पाहिजे.

धुराडे धूर ओढते असे आपण म्हणतो. वस्तुतः बाहेरची जड हवा आत शिरून तापलेल्या हलक्या वायूला वर ढकलते. धुराडे 3 मीटर उंच आणि आतील वायू 200 अंश सेल्सिअस तापलेला असला, तरी हा जोर 1 मिलीमीटर पाण्याच्या दाबाहून थोडाच अधिक भरतो. इतक्या नाजूक जोराला घट्ट लावलेले दार सहज अडविते.

कर्जत-खालापूरकडील वाड्यांतून कारवीच्या कुडांची घरे होती, अजूनही काही आहेत. कुडाच्या फटींतून हवा येई आणि छपरातून धूर झिरपे. धुराचा त्रास होताच. पण हवेची वाट खुली होती. आता विटांच्या भिंती आणि वर सिमेंटचा स्लॅब आला. पावसाळ्यात 3 हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस कोसळणाऱ्या या मुलखात दारे-खिडक्या लावून घेणे भागच. लाकूड ओले, धुराडे गार, खोली बंद; मग धूर उलटला तर दोष कोणाचा?

आपल्या जुन्या कारागिरांना हे तत्त्व ठाऊक होते. तांब्याचा बंब पाहा: मध्ये नळी, तळाशी जाळी, जाळीखाली मोकळी जागा. राख खाली पडते आणि त्याच वाटेने हवा वर चढते. नेरळहून माथेरानला 1907 साली आगगाडी सुरू झाली. वाफेच्या इंजिनाचे धुराडे आखूड. म्हणून वापरून झालेली वाफ त्यात जोराने सोडून ओढ निर्माण करीत, आणि विस्तवाला हवा मिळे ती खालून. परदेशांत भुशाच्या दाबलेल्या गोळ्या जाळणाऱ्या शेगड्या असतात. त्यांत वाफेचे काम पंखा करतो, आणि धुराच्या नळीखेरीज बाहेरची हवा आणणारी निराळी नळीही जोडता येते.

हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक बळाने चिकटतो. धुराने निदान खोकला येतो. हा वायू गुंगी आणतो. बंद न्हाणीघरातील बंब, निजण्याच्या खोलीतील कोळशाची शेगडी आणि न्हाणीघरातील गॅसचा गीझर यांचा धोका एकच आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. चुलीजवळ भिंतीत खालच्या अंगाला, निदान धुराड्याच्या तोंडाइतके भोक ठेवावे; 4 इंची नळीला ते साडेबारा चौरस इंच होते. त्यावर जाळी आणि झड अडविणारी पाखी असावी. ते धुराड्याच्या मुखाजवळ नसावे, नाहीतर गेलेला धूर परत येईल. धुराडे आढ्याच्या वर न्यावे, काजळी वेळोवेळी काढावी. पेटवताना आधी सुकी काटकी जाळून नळी तापवावी. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर अधिक सावध राहावे. त्याला हवा मिळाली नाही तर तो ती धुराड्यातूनच उलटी ओढून घेतो.

परीक्षाही सोपी आहे. धूर कोंडला की खिडकी चार बोटे उघडावी. तेवढ्याने जाळ उजळला, तर धुराडे मोडून नवे बांधण्याची घाई करू नये. भिंतीला भोक पाडावे.