जीमेलचा पासवर्ड बरोबर, तरी ई-मेल प्रोग्राम 'चुकीचा' का म्हणतो?

पासवर्ड तिसऱ्यांदा टाकलात, तरी तेच? चूक बहुधा तुमची नाही. गूगल आता बाहेरच्या प्रोग्राममध्ये नेहमीचा पासवर्ड चालू देत नाही. गूगलने साइन-इन करण्याचा पर्याय दिसला, तर तोच घ्या. जुन्या प्रोग्राममध्ये तो नसतो. मग खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड बनवा आणि तो टाका.

आता सर्व्हर. येणाऱ्या मेलसाठी 'आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ९९३. जाणाऱ्यासाठी 'एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ४६५. दोन्हीकडे एसएसएल. युजरनेममध्ये पूर्ण ई-मेल पत्ता लिहा, नुसतं नाव नाही.

आणि हो, आयमॅपऐवजी 'पॉप' निवडताना जपून. त्यात मेल कॉम्प्युटरवर उतरून सर्व्हरवरून पुसले जाऊ शकतात. मग मोबाइलवर शोधत बसा!