पान उलटताना नेमकं काय होतं? : कॉमिक आणि पुस्तक, कागदावर आणि पडद्यावर

फलकावर विषय 'छापील की डिजिटल' असा लिहिलाय. पण खरं सांगायचं तर हा विषय आमच्याकडे एका कपाटामुळे आला. आपल्या वाचनालयाच्या बालविभागात एक लोखंडी कपाट आहे. त्यात इंद्रजाल कॉमिक्सचे बांधीव खंड आहेत, चांदोबाचे अंक आहेत, जुने किशोर आहेत. गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली, आणि समितीत सूचना निघाली : हे सगळं स्कॅन करून घेऊ, हार्ड डिस्कवर ठेवू, कागद रद्दीत देऊ. आम्हां तिघांना सांगितलं गेलं की निर्णयाआधी वाचकांपुढे दोन्ही बाजू मांडा. तर ते आज मांडतो आहोत.

सुरुवात कॉमिकपासून करू, कारण फरक तिथे सगळ्यात उघड दिसतो. साधं पुस्तक आणि कॉमिक यांत एक मूलभूत भेद आहे. कादंबरीतलं वाक्य या ओळीवर संपलं काय आणि पुढच्या ओळीवर संपलं काय, अर्थ बदलत नाही. म्हणून ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की मजकूर आपोआप नव्याने मांडला जातो, पानांची संख्या बदलते, आणि आपलं काही बिघडत नाही. कॉमिकचं तसं नाही. तिथे पान हीच चित्रकाराची मांडणी असते. कुठली चौकट मोठी, कुठली अरुंद, कुठली डावीकडे वर, हे त्याने ठरवून केलेलं असतं.

स्कॉट मॅक्क्लाउड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1993 साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हे पुस्तक काढलं, तेही कॉमिकच्याच रूपात. त्याचा एक मुद्दा फार मोलाचा आहे. दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी असते, गोष्ट तिथे घडते. एका चौकटीत वेताळाची मूठ उगारलेली, पुढच्या चौकटीत चाचा जमिनीवर. मधला ठोसा चित्रात नाही. तो आपण मनात मारतो. म्हणजे वाचकाला एकाच वेळी दोन्ही चौकटी दिसायला हव्यात. नजर पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते.

आता मोबाईलवर काय होतं बघा. अमेरिकन कॉमिकचं पान साधारण 17 बाय 26 सेंटिमीटर. मोबाईलवर ते एवढं बारीक होतं की फुग्यातली अक्षरं लागत नाहीत. म्हणून ॲपवाल्यांनी युक्ती काढली : एका वेळी एकच चौकट दाखवायची, बोट लावलं की पुढची. कॉमिक्सॉलॉजीने ही पद्धत लोकप्रिय केली आणि सोय म्हणून ती उत्तम आहे. पण मधली कोरी पट्टी गेली ना! पान गेलं, चौकटींची माळ राहिली.

याने काय बिघडतं, त्याची दोन उदाहरणं देतो. 'वॉचमेन' ही मालिका 1986-87 मधली. तिच्या पाचव्या अंकाची मांडणी आरशासारखी आहे. पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं, आणि असं जुळत जुळत मधल्या जोडपानावर येतं. अंक हातात उघडा धरला तर हे कधीतरी लक्षात येतं. एकेक चौकट सरकवणाऱ्याला ते कळायचा रस्ताच उरत नाही. दुसरं उदाहरण विन्सर मॅकेच्या 'लिटिल नेमो'चं. 1905 पासून ते वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानावर छापलं जायचं. ते भव्य पान हीच त्या स्वप्नाची जागा होती. सहा इंची पडद्यावर ते स्वप्न खिडकीच्या फटीतून बघावं तसं दिसतं.

आणि पान उलटण्याचंही एक नाट्य आहे. टिनटिनचा जनक एर्जे 1929 पासून एका बेल्जियन साप्ताहिक पुरवणीत दर आठवड्याला दोन पानं द्यायचा. शेवटच्या चौकटीत काहीतरी अडकवून ठेवायचं, म्हणजे वाचक पुढच्या आठवड्याला येणारच. पुढे ती कला उजव्या पानाच्या तळाशी स्थिरावली. हात पान उलटतो तो अर्धा सेकंद लेखकाच्या हिशेबात असतो.

इथवर ऐकून वाटेल की आम्ही कागदाचे वकील आहोत. तसं नाही. दक्षिण कोरियात बघा. नेव्हर या कंपनीने 2004 मध्ये वेबटून सुरू केलं. तिथली कॉमिक्स जन्मालाच मोबाईलसाठी येतात. पान नाही, एक लांबलचक उभी पट्टी. माणूस कड्यावरून पडतोय तर आपण बोटाने सरकवतच राहायचं, सरकवतच राहायचं, मग तळ येतो. अंतर हाच वेळ. हे कागदावर जमत नाही. अशा गोष्टी छापायच्या ठरवल्या तर चित्रं कापून पानावर नव्याने बसवावी लागतात, आणि तो कडा बुटका होतो! म्हणजे नियम असा निघतो : जे ज्या माध्यमासाठी बांधलं, ते तिथे बरं वाचलं जातं. आपल्या कपाटातलं सगळं कागदासाठी बांधलेलं आहे.

आता नुसत्या मजकुराकडे येऊ. पडद्यावर वाचलेलं कमी कळतं का? यावर बरंच संशोधन झालंय. 2018 साली 54 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 1 लाख 71 हजार वाचक होते. निष्कर्ष असा की माहितीपर मजकूर कागदावर थोडा जास्त कळतो, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो. कथात्मक मजकुरात मात्र असा फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी आनं मांगेन आणि तिच्या सहकाऱ्यांचा एक छोटा प्रयोग आला. 50 जणांना एक दीर्घ रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. गोष्ट दोघांनाही सारखीच कळली. पण कुठली घटना आधी घडली नि कुठली नंतर, हे छापील वाचणाऱ्यांनी जास्त बरोबर सांगितलं. संशोधकांचा अंदाज असा की डाव्या हातातली पानं वाढतात, उजव्या हातातली कमी होतात, ही जाणीव कुठेतरी मदत करत असावी. आपणही म्हणतो ना, 'ते डाव्या पानावर खाली होतं बघ'. तसलंच काहीतरी.

मग विद्यार्थ्यांना आमचं सांगणं एवढंच : परीक्षेचं वाचायचं असेल आणि छापील प्रत मिळत असेल तर ती घ्या. कादंबरीसाठी मात्र जीव जाळू नका.

आता पडद्याची खरी जमेची बाजू. आमच्यातल्या एकाचे वडील 81 वर्षांचे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही छापील अक्षर त्यांना लागत नाही. तीन वर्षं वाचन बंद होतं. टॅबवर अक्षर बोटभर मोठं केलं आणि माणूस परत वाचायला लागला. या माणसाला 'कागदाचा वास' वगैरे सांगायला आम्ही धजणार नाही. जो परदेशात आहे, जो खेड्यात आहे, त्याच्यासाठीही हेच. किशोर मासिक बालभारतीने 1971 साली सुरू केलं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनेच इंटरनेटवर मोफत ठेवलेत. आपल्याकडचे किशोर फाटके आहेत, तिथले पूर्ण आहेत.

पण इथे एक तांत्रिक गोम आहे, ती नीट समजून घ्या. स्कॅन म्हणजे फोटो. फोटोत अक्षर मोठं करता येतं, पण ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत. पान उजवी-डावीकडे ओढत बसावं लागतं. दृष्टिहीन वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेलाही फोटोतलं आपसूक वाचता येत नाही. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. आपल्याकडची कितीतरी मराठी पुस्तकं संगणकावरच जुळवली गेली, पण युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. ती फाईल आज उघडली तर 'क' च्या जागी भलतंच काही उमटतं. म्हणजे 'डिजिटल आहे' एवढ्याने 'वाचता येतं' असं होत नाही.

राहिला मालकीचा प्रश्न. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर केलेली टिपणं निरुपयोगी झाली. त्यातलं एक पुस्तक '1984' होतं, हा योगायोग कोणाला सुचला नसता! 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही गेली, पैसे परत आले. म्हणजे आपण बहुतेक वेळा पुस्तक घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. कपाटातला खंड मात्र कोणी दूर बसून काढून नेऊ शकत नाही. त्याला नेणारे वेगळे : वाळवी, कसर, ओल. त्यातून कॉमिक्स स्वस्त कागदावर छापलेली. तो कागद आतल्या आम्लानेच पिवळा पडतो आणि मोडतो. हेही तितकंच खरं.

मग करायचं काय? कायदा सांगतो की बिगर-व्यापारी सार्वजनिक वाचनालयाला, स्वतःकडे छापील प्रत असेल तर, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. 2012 च्या दुरुस्तीने ही मुभा दिली. पण जतन म्हणजे वाटप नव्हे. इंद्रजाल 1964 ते 1990 चालू होतं. त्यातल्या गोष्टींचे हक्क अजून कोणाचे तरी आहेत. त्याच्या पीडीएफ ग्रुपवर फिरवणं त्यात बसत नाही. आणि 'छापील प्रत असेल तर' हे शब्द पुन्हा ऐका. रद्दीत घातल्यावर ती मुभा कशाच्या आधारावर सांगणार?

म्हणून आमची सूचना अशी. कॉमिक्सचे खंड स्कॅन करू, पूर्ण जोडपान एका चित्रात येईल असं. आणि कागदही ठेवू, ओल्या भिंतीपासून दूर, वरच्या मजल्यावर. किशोरचे फाटके अंक सोडायला हरकत नाही, कारण ते पूर्ण स्वरूपात दुसरीकडे आहेत. त्याने कपाटाचा एक कप्पा रिकामा होतो. आणि बालविभागात एक मोठ्या पडद्याचा टॅब ठेवू, ज्यांना छापील अक्षर लागत नाही त्यांच्यासाठी.

बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोवर कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे आहे. मत द्यायच्या आधी एकदा एखादा खंड काढून, मांडीवर उघडून बघा, आणि तीच गोष्ट मोबाईलवरही बघा. मग आपण बोलू.