एकोणीस-वीसचा फरक

शुक्रवारची संध्याकाळ. कॅन्टीनमधले कटिंगचे ग्लास रिकामे झालेत आणि ऑफिसातला ‘तो’ लॅपटॉप उघडून बसलाय. ‘तो’ म्हणजे कोण, हे सांगायला नकोच. प्रत्येक ऑफिसात असा एक असतोच!

‘‘हे बघ, पाच वर्षांचा डेटा टाकला. एक लाखाचे चार लाख! आता सोमवारी फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे पैसे यात टाकतो.’’

थांब राव! आधी एक काम कर. त्या २० चे १९ करून बघ.

आता २० कसले? तर त्याची स्ट्रॅटेजी साधी आहे. एखाद्या शेअरची २० दिवसांची सरासरी ५० दिवसांच्या सरासरीच्या वर गेली की घ्यायचं, खाली आली की विकायचं. हा नियम जुन्या भावांवर चालवून बघायचा, याचं नाव बॅकटेस्टिंग. २०, ५० आणि स्टॉपलॉसचे टक्के हे झाले पॅरामीटर. ‘असं केलं असतं तर?’ हा खेळ याच आकड्यांशी खेळायचा.

पण बहुतेक जण तो उलटा खेळतात. सगळ्यात जास्त नफा देणारा आकडा शोधत बसतात. छोटी सरासरी ५ ते ५०, मोठी ५१ ते २०० आणि स्टॉपलॉस १ ते १० टक्के धरला, तर किती कॉम्बिनेशन होतात? तब्बल ६९,०००! आता १,०२४ लोकांना दहा-दहा वेळा नाणं उडवायला सांगा. त्यातल्या साधारण एकाला दहाच्या दहा वेळा छापा पडणारच. त्याला काय नाणेफेकीचा मास्टर म्हणायचं? मग ६९,००० मधून निवडलेल्या ‘बेस्ट’ आकड्याचं एवढं कौतुक कशाला?

डेव्हिड लाइनवेबर या अमेरिकन क्वांटने तर यावर धमाल केली होती. बांगलादेशातलं लोणी, अमेरिकेतलं चीज आणि मेंढ्यांची संख्या एवढ्यावरून त्याने एस अँड पी ५०० ची जुनी चाल ९९ टक्के जुळवून दाखवली. मेंढ्या मोजून कुणी श्रीमंत झालं नाही. डेटा पिळला की तो हवं ते बोलतो, एवढंच त्याला सांगायचं होतं.

मग फंडा काय?

शेजारपाजार बघा! २० ला चांगला नफा दिसतो ना? मग १८, १९, २१, २२ लाही थोडाफार कमी-जास्त का होईना, नफा दिसायला हवा. स्ट्रॅटेजीत खरंच दम असेल तर एकोणीस-वीसच्या फरकाने तिचं काही बिघडत नाही. फक्त २० वरच दिवाळी आणि आजूबाजूला अंधार असेल, तर समजा, लॉटरी लागली होती. पॅरामीटर बदलायचे ते आपली स्ट्रॅटेजी मोडते का हे बघायला, नफा फुगवायला नाही.

टेस्ट करताना एवढं पाळाच

* खर्च धरा. डिलिव्हरीत घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी जातो. सगळं भांडवल वर्षातून ५० वेळा फिरवलंत, तर भांडवलाच्या १० टक्के रक्कम नुसत्या या कराची!

* मेलेले शेअरही मोजा. आजच्या निफ्टीतले ५० शेअर घेऊन २००८ पासून टेस्ट केलीत, तर त्यात सत्यम नसतोच. ७ जानेवारी २००९ ला तो एका दिवसात सुमारे ७८ टक्के पडला होता.

* वाईट दिवस गाळू नका. २३ मार्च २०२० ला पहिल्याच तासात लोअर सर्किट लागलं, ४५ मिनिटं बाजार बंद. निफ्टी दिवसभरात सुमारे १३ टक्के खाली. अशा दिवशी तुमचा ५ टक्क्यांचा स्टॉपलॉस ५ टक्क्यांवरच लागेल, या भ्रमात राहू नका.

* थोडा डेटा लपवून ठेवा. २०१० ते २०१९ वर आकडे ठरवा आणि २०२० नंतरच्या काळावर एकदाच तपासा. पुन्हा पुन्हा डोकावलात, तर पेपर फुटला!

* यातून पास झालात, तरी आधी तीन महिने कागदावर ट्रेडिंग करा. मग थोडेच पैसे लावा.

एवढी कटकट कशाला? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर्सच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० जणांपैकी ९३ जणांचा तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आणि २०२३-२४ मध्ये या ट्रेडर्सपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. म्हणजे तुमच्या-आमच्या वयाचे! यातले कितीतरी जण अशीच चढती रेघ बघून उतरले असतील.

आणि आपला ‘तो’? त्याने २० चे १९ केले. रेघ मध्येच कोसळली. मग २१ केले. पुन्हा तेच. दोन मिनिटं तो काही बोलला नाही. मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, ‘‘चहा माझ्याकडून.’’

दहा रुपयांच्या कटिंगमध्ये डाउन पेमेंट वाचलं. याहून सही ट्रेड कुठला, बॉस?