खारेपाटातील पायवाट

डोंगराच्या वाटेला चढ असतो. दम लागतो, म्हणून माणूस निघण्यापूर्वी विचार करतो. सपाट प्रदेशात तसे होत नाही. शेजारच्या गावाची मशीद, देवळाचा कळस, नारळाची झाडे समोर दिसत असतात. नाकासमोर चालत गेलो की पोहोचलो, असे वाटते. पण सखल भागात सरळ वाट नेहमीच जवळची ठरत नाही.

रायगड जिल्ह्यात अलिबाग तालुक्याच्या पूर्वेस, धरमतर खाडीच्या काठी, खारेपाट नावाचा पट्टा आहे. येथील कित्येक शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. खाडीचे पाणी अडवण्यासाठी माती-दगडांचा मोठा बांध घालतात. त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्यात ठिकठिकाणी दारे असतात. त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडते व शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीच्या दाबाने ती बंद होते.

समजा, अशा दोन गावांमध्ये खाडीचा एक फाटा आहे. सरळ अंतर 2 किलोमीटर, बाहेरकाठ्यावरून 3 आणि सडकेने 5. कोणती वाट घ्याल?

सरळ वाट प्रथम सोडून द्या. ओहोटीच्या वेळी फाट्यातला चिखल वरून सुकलेला दिसतो, त्याला भेगाही पडलेल्या असतात. पण खाली तो मऊ असतो. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की काढता काढता वेळ जातो, आणि तेवढ्यात पाणी परत येते.

राहिला बाहेरकाठा. त्याच्यासाठी भरती-ओहोटीचे गणित यायला हवे. उर्दूत आपण यालाच मद्दोजजर म्हणतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि रोज ती सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणावे व चारने भागावे. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमारास भरती, तर त्याआधी सहा तास, दहाच्या सुमारास, ओहोटी. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोनएक दिवस पाणी सर्वांत जास्त चढते. त्याला उधाण म्हणतात. आपल्याला चंद्र दिसतो तेव्हा अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असते. म्हणून चांदरातीचे दिवस उधाणाचेच समजावेत. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला गेलेल्यांना हे माहीत असते: ओहोटीला चालत जाता येते, भरतीला होडी लागते.

बाहेरकाठा वाहून जातो तेथे खिंडार पडते. त्याला खांड म्हणतात. खांड पडली की वाट तर तुटतेच, पण खारे पाणी शेतात शिरून भाताची जमीनही नापीक होते. म्हणून काठाची कड पायाने ढासळू देऊ नये. चालायचे ते मधून. खांड नकाशावर दिसत नाही. मोबाइलच्या नकाशावरही नाही, कारण त्यातले चित्र कोणत्या महिन्यातले, भरतीचे की ओहोटीचे, हे आपल्याला कळत नाही.

तेव्हा विचारावे. पण विचारण्याचीही रीत आहे. "काका, इकडून जाता येईल का?" असे विचारले, तर माणूस भलेपणाने "जा की" म्हणतो. त्यापेक्षा "काका, तुम्ही इकडून कधी गेला होतात? कुठे खांड आहे का?" असे विचारावे. मग खरी माहिती मिळते.

पावसाळ्यात मात्र सडकच बरी. तेव्हा काठ निसरडा असतो, शेतात भात उभे असते आणि उघड्या माळावर वीज चमकू लागली तर आडोसा नसतो. भात कापल्यावर शेतातून पायवाटा पडतात. तरी गवतातून जाताना हातात काठी असावी, कारण बांधाच्या बिळात घोणस असू शकते.

सडकेवर ताशी पाच किलोमीटर चालणारा माणूस काठावर तीनच चालतो. म्हणजे दोन्ही वाटांना सारखाच एक तास लागतो! निघताना घरी नुसते "शेजारच्या गावी जातो" न म्हणता "काठाने जातो" की "सडकेने जातो" तेही सांगावे. उशीर झाला, तर कंदील घेऊन कोणत्या बाजूला निघायचे ते घरच्यांना कळते.