कोळशाचा कर आणि कालव्यावरचे ऊन

वडोदऱ्यात नर्मदेच्या शाखा-कालव्यावर जे 10 मेगावॅटचे सौर वीजकेंद्र पसरलेले आहे, आणि ज्याचे उद्घाटन जानेवारी 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते झाले, ते पाहता असा प्रश्न उद्भवतो की, कर्बवायूवर मोल बसविल्यावर अशा विजेला सरकारी आश्रय वेगळा कशाला हवा? उत्तर असे की, कर कोळशाला महाग करतो, पण नव्या केंद्रात भांडवल ओतणाऱ्यास हमी देत नाही. ती दीर्घ मुदतीच्या खरेदी-करारांतून मिळते, आणि असे करार करणाऱ्या गुजरात ऊर्जा विकास निगमाची मुख्य कचेरी वडोदऱ्यातच असून, निगमाच्या 2020 च्या लिलावात सौर विजेचा दर युनिटमागे 1 रुपया 99 पैशांपर्यंत उतरला.

भारताने 2010 साली कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसविला, 2016 पर्यंत तो 400 वर नेला; त्याचे उत्पन्न स्वच्छ ऊर्जेकरिता राखण्याचा मूळ संकल्प मात्र 2017 मध्ये, वस्तू व सेवा कर आल्यावर, राज्यांच्या नुकसानभरपाईत विरून गेला. खजिन्याची भूक, दुसरे काय!

कर्बवायूवर मोल बसविण्याची दुसरी रीत म्हणजे उत्सर्जन-परवान्यांचा बाजार; खरी गुंतागुंत त्यातच आहे. तेथे एकूण मर्यादा ठाम असेल, तर सौर विजेमुळे परवान्यांची मागणी घटते, भाव पडतो, आणि वाचलेला कर्बवायू दुसराच कारखानदार स्वस्तात सोडतो. यास्तव सौर विजेच्या वाढीबरोबर मर्यादाही आवळीत न्यावी लागते. आपल्या 2023 च्या कार्बन-श्रेय योजनेत तर मर्यादा एकूण उत्सर्जनावर नसून उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे आहे, त्यामुळे तेलशुद्धीकरणासारख्या उद्योगाने, म्हणजे वडोदऱ्याजवळच्या कोयलीसारख्या कारखान्यानेही, ती पाळूनसुद्धा, उत्पादन वाढविल्यास एकूण कर्बवायू वाढू शकतो.